हात सोडला का मार्क कापते

(धरमपेठ, नागपूर. १९८८, मार्चमधली रविवारची दुपार. टीव्हीसमोर चंद्रभान, त्याची बायको शामला आणि सकाळच्या एसटीनं पारशिवनीहून आलेली त्याची धाकटी बहीण वच्छला.)

वच्छला : ...म्हणून म्हणते दादा, मले वापस नको धाडू. कोपऱ्यात पडून राहीन. धुणंभांडी करीन.

चंद्रभान : हो वं, बोलू ना मंग. आधी हे पाह्य. बर्फावरच्या नाचाची जागतिक स्पर्धा आहे, रोज नाही दाखवत असं. बापा बापा, काय घसरून राहिले! ही जोडी एक नंबर आहे.

वच्छला : मले नाही आवडली.

चंद्रभान : काहून?

वच्छला : तो तिले ओढून राहिला. ती हासते, पण त्याचा हात मानेजवळ आला का डोये मिटते.

शामला : इतकं कसं दिसलं हो तुम्हाला? मला तर नुसता तिचा झगा दिसला.

वच्छला : मले दिसते वहिनी. मीबी तशीच मिटते.

चंद्रभान : झालं! नाचातबी तुले तुहाच नवरा दिसते. अवं, कला आहे ती.

शामला : कला कसली, पळापळ नुसती. आमच्या शाळेच्या लेझमीत जास्त ताल होता.

चंद्रभान : तुले काय समजते? पेपरात आलं होतं. यात पोरीले डोक्यावर उचलाचं नाही. दोघाइनं सोबत राहाचं. जास्त वेळ हात सोडला का मार्क कापते.

वच्छला : सोबत राहाचेच मार्क?

चंद्रभान : तेच तर. आता ही दुसरी जोडी पाह्य.

वच्छला : अगो माय! हा किती हळू धरते तिले. आता पडतच होती, त्यानं सोताचा गुडघा टेकवला, पण तिले नाही पडू देल्लं. वहिनी, असा नवरा कोणत्या देवाले नवस केल्यावर भेटते?

शामला : नवरा नाही तो. भाऊ आहे.

वच्छला : आं?

शामला : मघाशी टीव्हीवरची ती बाई इंग्रजीत सांगत होती. सख्खे बहीणभाऊ आहेत दोघं.

चंद्रभान : तुले विचारलं कोणी?

शामला : त्यांनी विचारलं.

वच्छला : दादा, तुले मालूम होतं?

चंद्रभान : होतं. मंग? खेळ आहे तो.

वच्छला : तुह्ये किती मार्क कापले असते गा? दिवाळीले आली तं ओटी भरून वापस धाडलं. संक्रांतीले आली तं सोता एसटीत बसवून देल्लं.

चंद्रभान : मलेबी मार्क देणारे बसले आहेत ना वं! गल्ली आहे, ऑफिस आहे, लग्नाच्या पोरी आहेत. आत्या नवरा सोडून आली म्हणल्यावर पाहुणे येतील का घरी?

वच्छला : पाहुणे आले का मी न्हाणीत बसून राहीन. दादा, परवा त्यानं मले विहिरीवर नेलं. केस धरून वाकवलं अन् म्हणे, पाह्य पाणी किती आहे. आता अजून काय सांगू तुले? मी मरून जाईन गा!

शामला : विहिरीवर? अहो, हे तुम्हाला माहीत होतं?

चंद्रभान : नाही. विहिरीचं नाही.

शामला : मग आता सांगा त्यांना. नाहीतर मी सांगते.

वच्छला : काय सांगता?

शामला : तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून पारशिवनीला ट्रंककॉल लावला. जावई निघालेत तुम्हाला न्यायला. मोटरसायकलनं.

वच्छला : दादा? काहून गा? अरे, काहून?

चंद्रभान : भेवानं! भेवानं लावला, झालं? संक्रांतीनंतर कळमन्याच्या यार्डात भेटला तो मले. संत्र्याच्या ढिगापाशी, सगळ्याइसमोर कॉलर धरली. म्हणे, पुन्हा आली अन् ठेवून घेतली तर घरात घुसीन. हमाल हासून राहिले होते. शर्ट नीट केला अन् घरी आलो. गल्ली, ऑफिस, पाहुणे, सारं खोटं आहे. मी त्याले भेतो.

शामला : मला म्हणालात, शर्ट खिळ्याला अडकून फाटला.

वच्छला : मले सांगाचं होतं गा. मीबी भेतेच ना. मंग मले त्याच्याच हाती काहून देतं?

चंद्रभान : चुकलं माह्यं. लय चुकलं.

शामला : गप्प बसा जरा. फाटकाशी गाडी थांबली.

वच्छला : त्याचीच आहे. आवाज मालूम आहे मले. वहिनी, मागून कुठं जाता येते?

शामला : मागं भिंत आहे हो बाई. आणि गेलात तरी रात्री कुठं राहाल?

चंद्रभान : वच्छे, तू आत जा. मी सांगतो त्याले. सांगतो मी. शामला, पाणी दे मले.

वच्छला : एकटा नाही सांगू शकत तू. मी वळखते तुले. चाल, मी उभी राहते बाजूले.

चंद्रभान : तुले पाहून तो अजून भडकन.

वच्छला : भडकू दे. आत बसून ऐकणं तं त्याच्याहून बेकार आहे.

चंद्रभान : दार वाजलं.

शामला : वाजू द्या. अहो, आधी तो टीव्ही बंद करा. वच्छलाबाई, डोळे पुसा, पदर खोचा. असं मागं नाही, इकडं या, माझ्याजवळ. आले हो, जावई, दार तोडू नका! आम्ही तिघंही येतोय.