लोहग्रहावरचा अविश्वास ठराव

…आन् वर स्क्रीनवर हिरव्या अक्षरात काय यावं? 'धन्यवाद कॅप्टन, यापुढं आपण पायी जावं!' पायी! तुम्हाला सांगतो, चहूबाजूनं तोफगोळे पडायलेत, तांबडी धूळ उडायलीय, समोरून आठ चाकांचे रणगाडे दणदणत यायलेत, आन् मी, टोळीचा कॅप्टन, हातात एक पाना घेऊन उघड्यावर हुबा! आन् मला गाडीतून उतरवलं कुणी? दुश्मनानं? दुश्मनाची काय बिशाद! माझ्या बापानं! सख्ख्या! माझ्याच सोफ्यावर, माझ्याच शेजारी मांडी घालून, माझ्याच बायकोनं केलेला चहा बशीत ओतून पिता पिता!

नाय, गेमला मी नावं ठेवत नाय. गेम चांगलाच हाय.

लोहग्रह म्हणत्यात त्याला. आता तुम्ही म्हणाल, एवढा लग्न झालेला माणूस, वाळूजला कारखान्यात कामाला, आन् गेम काय खेळतो? आवो, दिवसभर गिअरचे दाते तपासून माणसाचं डोकं बी गोल फिरायला लागतं! घरी यायचं, टीव्ही लावायचा, आन् थेट दुसऱ्या ग्रहावर. दोन दोन सूर्य मावळायलेत! आन् गाड्या… गाड्यांचं काय सांगू तुम्हाला! आमच्या गाडीला आम्ही रेडा म्हणतो. सहा चाकं, वर तोफ, आन् वजन असं की चढावर घातली की हातातला रिमोट थरथरतो. कन्नडच्या घाटात उसानं भरलेली ट्रॉली कशी मागं ओढती, तस्सं! ज्यानं कुणी हा गेम बनवला त्यानं आयुष्यात एकदा तरी ट्रॉली हाकली असणार, पैजेवर सांगतो.

दोष हायेत त्यात. कुणात नसत्यात? गोष्टच भिकार. एक लोखंडाची राणी असती, ती तुम्हाला सुरुवातीपासून 'माझ्या शूर वीरा, माझ्या शूर वीरा' करती, आन् शेवटी तीच तुमच्यावर बॉम्ब टाकती. मला तवाच कळायला पाहिजे होतं, ह्या गेमची नियत काय हाय ते! दुसरं म्हंजी टोळीत पाच जण लागत्यात, माणसं कमी पडली की गेम स्वतःचा गडी देतो, कंप्युटरचा. आन् हा गडी! दिसली भिंत की घाल गाडी! बाजूला एवढं मोठं रान मोकळं पडलंय, पण नाय, ह्याला भिंतच पाहिजे! मी दर डावाला, स्वतःची तोफ सोडून, ह्याला भिंतीतून काढायचो. का? तर आपल्या टोळीचा माणूस हाय म्हणून. इमानदारी असती का नाय माणसात?

तर आमची टोळी म्हंजी मी, सम्यक आन् कंप्युटरचे हे तीन गडी. सम्यक माझ्याच लाईनवर कामाला, कारखान्यातला माझा जिगरी. तो त्याच्या घरून खेळायचा, मी माझ्या. कानाला हेडफोन लावायचा आन् एकमेकांशी बोलायचं. म्हंजी, मी बोलायचो. 'सम्या, डावीकडं! सम्या, झोपला का? सम्या, तुला डोळे दिलेत कशाला?' एवढंच. कामापुरतं.

आन् अशात आमचे आबा आले गावाकडून.

आबा म्हंजी काकासाहेब. कन्नडजवळच्या आमच्या गावचे लई वर्षांचे सरपंच. होते. ह्या खेपेला पडले. आन् पाडलं कुणी? चुलतभावानं! कडुबाकाकानं! आदल्या दिवशीपर्यंत आबांच्या मागं फटफटीवर बसून प्रचार करायला होता, आन् मतदानाच्या सकाळी सगळी भावकी घेऊन पलीकडच्या मांडवात! तवापास्नं आबांनी बोलणंच टाकलं. आई गेली तवा सुद्धा माणूस एवढा गप नव्हता. पारावर जाईनात, शेतात जाईनात. मी जाऊन घेऊन आलो. आले, आन् आमच्या हॉलमधी भिंतीकडं तोंड करून बसले. मंजुषा, माझी बायको, भाकरी वाढायची, खायचे. विचारलं, 'आबा, पिठलं कसं झालं?' तर नुसती मान. मंजुषा आत येऊन डोळे पुसायची. आवो, ज्या माणसाच्या आवाजानं शेजारच्या शिवारातले बैल हुबे राहायचे, तो माणूस पंख्याच्या बटणाकडं बोट दाखवायला लागला!

मला बी काय सुचंना. एका रविवारी मी आपला खेळायलो होतो, हे शेजारी बसलेले. अचानक आवाज आला…

"त्यो कोण रं?"

मी दचकलो! किती दिवसांनी आवाज! म्हणलं, "आबा, तो दुश्मन हाय. खरा माणूस हाय, कुठंतरी बसून खेळतोय."

"मग त्याच्याशी बोलता येतं व्हय?"

आता गेममधी ती सोय हाय. दुश्मनाची गाडी जवळ आली की तुमचा आवाज त्याला जातो. पण ती सोय कशासाठी? शिव्या द्यायला! धमकावायला! सगळं जग त्याच कामासाठी वापरतं. मी म्हणलं, "येतं की." आन् हेडफोन त्यांच्या कानाला लावला. इथं चुकलं माझं. इथंच!

आबा खाकरले. आन् म्हणले, "राम राम. कोणत्या गावचं पाव्हणं?"

समोरची गाडी थांबली! रणांगणात! आन् पलीकडून एकदम नरम आवाज, "अं… अहो, मी पुण्याचा. आपण कोण बोलताय? आणि तुम्ही असे मधोमध का उभे आहात? मला गोळी मारायची आहे."

"मारा की. घाई काय? जेवण झालं का?"

तुम्हाला सांगतो, त्या पुण्याच्या माणसानं गोळी मारली नाय! कांद्याचा भाव विचारून गेला!

मग काय! आबांना वेगळा रिमोट दिला. पहिल्यांदा मला वाटलं, ट्रॅक्टरवाला माणूस, चालवतील झकास. कशाचं! गाडी घातली थेट दरीत. दुसरी घातली, ती बी दरीत. तोफ झाडली ती सम्यकच्या पाठीत. पण माणूस हरंना! कारण त्यांना कुणी मारतच नव्हतं! मी आन् सम्यक जीव तोडून लढायलोय, आन् हे दरीच्या काठाला गाडी लावून, "काय जालनेकर, आईचं गुडघ्याचं आपरेशन झालं का?" आरं ही लढाई हाय का आठवडी बाजार? पण घर बदललं हो. आबा जेवताना बोलायला लागले. मंजुषाला म्हणले, "पिठल्यात मिरची जरा कमी." ती आत जाऊन पुन्हा रडली, पण ह्या खेपेला हसत हसत. मला बी बरं वाटलं. म्हणलं, गेमला काय नावं ठेवायची? गेम चांगलाच हाय!

त्यातच मोनिका आली. चितेगावची पोरगी, नर्सिंगला शिकती. दुश्मनाच्या टोळीत होती. आन् नेम असा, की धुळीत नुसती सावली हालली तरी उडवायची. मला कितीदा उडवलं हिनं! तर आबा तिच्याशी रोज बोलायचे. "पोरी, बसनं जाती का? हॉस्टेलात जेवण बरं असतं का?" आन् एक दिवस म्हणले, "इंदर, ती आपल्याकडं येती." मी म्हणलं, "आबा, अशी कशी येईल? तिच्या टोळीनं तिला…" "येती. मी शब्द टाकलाय." आन् आली! कंप्युटरचे दोन गडी गेले, एक राहिला. तोच. भिंतवाला.

आता तुम्हीच सांगा, फोडाफोडी करून माणूस कशासाठी आणत्यात, हे मला कळायला नको? मी खुश! म्हणलं, आता लोहमुकुट आपलाच!

लोहमुकुट म्हंजी गेमचा मोठा सामना. शेवटपर्यंत जी टोळी राहील तिला सोन्याचा रेडा मिळतो. खरा नाय, रंग फक्त. पण त्या रंगासाठी मी काय नाय केलं! ओव्हरटाईम सोडला! मंजुषाच्या मावसबहिणीच्या पोराचं बारसं बुडवलं! त्या संध्याकाळी मी टोळीला भाषण दिलं. "माझ्या मागं या. कुणी डोकं चालवायचं नाय. मी सांगेन तसं."

सुरू झाला सामना. मी रेडा पुढं घातला. समोर दोन टोळ्या. म्हणलं, घुसायचं! मधून घुसायचं! मोनिका म्हणती, "इंद्रजीतभाऊ, तिकडं सुरुंग पेरलेत, मी पाहिलंय." मी म्हणलं, "तू गप!" सम्यक म्हणतो, "भाऊ, पोरगी खरं बोलायलीय, सुन तो ले." मी म्हणलं, "सम्या, तुला अक्कल हाय का?"

आन् तेवढ्यात स्क्रीनवर एक चौकट आली. तुम्हाला सांगतो, एवढे दिवस खेळलो, ही चौकट मी बघितली नव्हती! 'कॅप्टन बदलायचा का? मत नोंदवा.' चालू लढाईत! कुणाच्या डोक्यातून निघाली ही सोय? मी ओरडलो, "कुणी दाबलं हे? सम्या? मोनिका?" मी शेजारी बघितलं. आबा बशी खाली ठेवायले होते.

"आबा… तुम्ही?"

"अविश्वास ठराव हाय," म्हणले. "बसून घे."

मत नंबर एक, आबा. माझ्या विरोधात. नंबर दोन, मोनिका. चला, ती आबांची. नंबर तीन, सम्यक! माझा सम्यक! माझ्या डब्यातली भाजी खाणारा सम्यक! आन् नंबर चार… ऐका… कंप्युटरचा गडी! आवो, त्याला मत असतं हेच मला माहीत नव्हतं! ज्याला मी दर डावाला भिंतीतून काढलं, तो कधी नाय ते भिंत सोडून आला आन् माझ्या विरोधात मत टाकून पुन्हा भिंतीत गेला!

कॅप्टन मोनिका. आबा म्हणले, "ह्या टर्मला महिला राखीव."

आन् मी, पायी. पाना घेऊन. गेमचा नियमच हाय, पडलेला कॅप्टन मिस्तरी होतो, दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करतो. दिवसभर वाळूजला तेच, आन् घरी येऊन दुसऱ्या ग्रहावर बी तेच!

जिंकले. त्याचंच तर दुःख हाय! मोनिकानं सुरुंगाला वळसा घातला, जालनेकरानं आबांना वाट दिली, पुण्यानं गोळी उशिरा मारली, आन् सोन्याचा रेडा आला. सम्यक हेडफोनमधी नाचायला लागला. मी विचारलं, "सम्या, काहून केलं असं?" तर म्हणला, "भाऊ, वाईट वाटून घेऊ नको. तुझे आबा रोज विचारत्यात, जेवला का. माझी बदली होणार का राहणार, त्याची तकलीफ आबांना ठाऊक हाय. तुला ठाऊक हाय का?"

आता… नव्हतं. मला ठाऊक नव्हतं. एकाच लाईनवर काम करतो आम्ही.

मी आबांवर चिडलो. लई चिडलो. म्हणलं, "कडुबाकाकानं तुम्हाला पाडलं, तुम्ही महिने महिने भिंतीकडं बघत बसला. आन् तेच पोटच्या पोराला करता? काय वाटलं नाय तुम्हाला?"

आबा म्हणले, "वाटलं. पण इंदर, तू 'मी सांगेन तसं' म्हणला ना, तवा मला माझाच आवाज ऐकू आला. मी बी शेवटी शेवटी कुणाला 'जेवला का' विचारत नव्हतो रं. नुसतं सांगत होतो. कडुबा उगंच नाय गेला."

मी गेलो बाल्कनीत. मंजुषा आली. म्हणलं, ही तरी आपल्या बाजूनं बोलेल. तर म्हणती, "बारशाला गेला असता तर बरं झालं असतं."

आन् दुसऱ्या दिवशी आबा गावाला निघाले! ताठ मानेनं, टोपी घालून. म्हणले, "लोकांत बसायला पाहिजे." मी म्हणलं, जा बाप्पा, चांगलंच हाय. संध्याकाळी कामावरून येतो, तर टीव्हीखालची जागा मोकळी! गेमचा बॉक्स गायब, दोन्ही रिमोट गायब! मंजुषाला विचारलं, तर ती शांतपणे, "मीच दिला. माझ्या जुन्या साडीत गुंडाळून दिला, एसटीत हादरे बसू नयेत म्हणून." साडीत! मला डबा कधी फडक्यात गुंडाळून नाय दिला हिनं!

पुढच्या रविवारी गेलो गावाला, बॉक्स आणायला. सरळ सांगतो, भांडायच्या तयारीनं गेलो. ओसरीत हीऽ गर्दी! टीव्हीपुढं पोरं, म्हातारे, दूध घालायला आलेल्या बाया सुद्धा. आन् मधोमध, आबांच्या मांडीला मांडी लावून, हातात माझा रिमोट घेऊन कोण बसावं? कडुबाकाका! म्हणलं, "आबा, हे?" आबा स्क्रीनवरची नजर न काढता म्हणले, "आरं, किती दिवस रुसायचं? चालवतो बरी." कडुबाकाका बिचारे लाजले, म्हणले, "ये इंदर, बस. तुझा बी नंबर लागंल."

नंबर! माझ्या गेमला मी नंबर लावला! बसलो दुपारभर. एकेक जण उठला. माझी पाळी आली. रिमोट हातात घेतला, तो थरथरला, ती तांबडी धूळ दिसली, रेड्याचं इंजिन घुमलं… सांगितलं ना, गेमला नावं ठेवायला जागाच नाय… आन् लाईट गेली.

"आता येईल?" मी विचारलं. सगळी ओसरी हसली. आबा म्हणले, "आलाच हाय तर शेळ्यांना पाला टाक."

टाकला. काय करता! सुबाभळीचा चांगला कवळा पाला, एकेकीच्या पुढं नेऊन टाकला. खाऊन होईस्तोवर हुबा राहिलो. आन् वळलो, तर मागून एकीनं काडकन ढुशी दिली. बरं, दिली कधी? पाला खायच्या आधी नाय. पोटभर खाऊन झाल्यावर!

मी पँट झटकली, आन् तिला आणखी एक पेंढी टाकली.