गोल हॉलतिकीट

"हॅलो?… हॅलो?… कोण? शिवांगी?… अगं हा तर बेगमबी आपांचा नंबर हाय… थांब, थांब, आवाज कटायलाय, शिडीवर चढू दे."

भूकंपानंतर वसलेल्या नव्या किल्लारीत घरं एका रांगेत आली, रस्ते आखीव आले; पण महानंदाच्या घरी मोबाइलची रेंज यायची ती फक्त एका जागी, गच्चीला लावलेल्या शिडीच्या चौथ्या पायरीवर. तिसरीवर नुसती खरखर. पाचवीवर तर शेजारच्या केरबाचं उसाच्या तोडीवरचं भांडण ऐकू यायचं, असं ती शपथेवर सांगायची. चौथ्या पायरीवर उभं राहून तिनं दिराचं लग्न जमवलं होतं आणि एकदा म्हशीचा सौदाही मोडला होता.

"हं, बोल आता. डबा पोचला का? निजामोद्दीनभाईंनी आणला ना स्टँडवरून?… मग खा की गं. मेथीच्या डब्याखाली दुसरा डबा हाय बघ, त्यात केक हाय. कुकरात मीठ टाकून भाजलाय. अंडं न्हाई, काही न्हाई, नुसतं दही… आपा पण खातील… अगं, रडायलीस का?… काय न्हाई?… कशात न्हाई?… हॉलतिकीट?"

शिवांगी दोन वर्षांपासून लातुरात बेगमबी आणि तिचा रिक्षावाला नवरा निजामोद्दीन यांच्या घरी वरच्या खोलीत राहून क्लास करत होती. रोज सातच्या एसटीनं तिचा डबा जायचा, तसा आजही गेला होता. पण आजचा दिवस रोजचा नव्हता. आज मेडिकलची परीक्षा. दहाला पहिला पेपर, साडेनऊला फाटक बंद. आणि घड्याळात साडेआठ वाजत आले होते.

"नीट बघ… फायलीत बघ… दुसऱ्या कप्प्यात?… बरं बरं, ओरडू नको… न्हाई गं, तुझी चूक कशी आसंल… हो, हो… अगं ऐक ना… मी बघते घरी. रविवारी आलतीस तवा फाईल इथंच होती ना… तू बंद करू नको फोन."

पण बोलता बोलता महानंदाला आठवलं. रविवारी लेक न्हाणीत गेली होती. तेवढ्यात तिनंच फायलीतून ते हॉलतिकीट हळूच काढलं, देवापुढं ठेवलं आणि कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलं. तेवढ्यात दूध उतू गेलं, तशी ती कागद हातात घेऊनच ओट्याकडं धावली. दूध पुसलं, गॅस पुसला, ओटा पुसला. कागद परत फायलीत ठेवला की न्हाई, हे काही केल्या आठवेना.

ज्या बाईनं भूकंपात रेशनकार्डापासून सातबारापर्यंत सगळं मातीत गेलेलं पाहिलं होतं, जिनं तेव्हापासून घरातला एकूण एक कागद मेणकापडाच्या पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवला होता, तिच्या हातून हे व्हावं!

"आत्याबाई! ओ आत्याबाई!… न्हाई गं, तुला न्हाई, आजीला हाक मारायले… आत्याबाई, देव्हाऱ्यात कागद हाय का बघा! सरकारी कागद! शिवांगीचा फोटो आसलेला!… खुंटीवरच्या पिशवीत बघा!… शिवांगी, मला खाली उतरता येईना गं, उतरले की फोन कटतोय… आजी बघायलीय… धीर धर… पाणी पी."

तिच्या सासूबाई, साखराबाई, खाली घरभर फिरत होत्या. शिडीवरून महानंदाला त्यांचं नुसतं डोकं दिसत होतं. या दारातून आत, त्या दारातून बाहेर. शेवटी त्या केराची सुपली घेऊनच अंगणात आल्या आणि त्यातला कागदाचा एक तिकोनी तुकडा त्यांनी वर धरला.

त्या तुकड्यावर कुंकू होतं.

"…हं… हाय गं, हाय मी… न्हाई, कट न्हाई झाला… बोलायले ना… शिवांगी, बाळ, एक सांगू का? आधी सांग, ओरडणार न्हाईस… काल सांजच्याला लाईट गेलती. मी केकची तयारी करायलते. जर्मनच्या डब्याच्या बुडाला कागद लावावा लागतो, न्हाईतर चिकटतोय. ओट्यावर कागदांचा गठ्ठा होता. कारखान्याच्या उसाच्या नोटिसा… त्यातला एक घेतला मी… चांगला जाड होता… तूप लावलं… आणि…"

पलीकडून जे काही आलं, त्यानं शिडी हलली म्हणतात. साखराबाईंनी खालून धरली म्हणून बरं.

"हो… हो गं माय… मीच काढलं होतं फायलीतून. कुंकू लावायला… हाव, तुला न विचारता हात लावायचा न्हाई, तू सांगितलं होतंस… दहादा सांगितलं होतंस… शिव्या दे मला, पण नंतर दे. आधी केक कुठंय ते सांग… खाली?… कुणाकडं?… आपांकडं? काय करायल्यात त्या?… सुरी?… सुरी लावू देऊ नको! पळ! जिना उतर, फोन घेऊन पळ!… आपा! बेगमबी आपा! छुरी नक्को लगाव! नक्को!… लागली?… किती लागली?… कुठपर्यंत?"

केक मधोमध बोटभर चिरला होता. आणखी बोटभर खाली कागद होता.

"बरं झालं. आता उलटा करा ताटात… हळू… उलटल्यावर वर कागद दिसंल… दिसला?… गोल हाय, हो. मीच कापला गोल, डब्याच्या मापानं. कोपरे इथंच राहिले… कोपऱ्यावर काय आसतंय गं? नुसत्या सूचना ना?… हां… शिवांगी, आता ओढू नको. भिजलं फडकं घे, कडंनी सोडवत ये, पोळी तव्यावरून सोडवतो तशी… नखं लावू नको… सुटायलंय?… नंबर दिसतोय का?… वाच… परत वाच… आत्याबाई, नंबर दिसतोय! तेलकट झालाय पण दिसतोय!… केंद्राचं नाव?… हाय?… सही?… देवा रे, पावलास… आणि फोटो?"

फोटोचं उत्तर येईपर्यंत महानंदा पाच नवस बोलली, त्यातले दोन तर तिरुपतीचे.

"कुठंय म्हणालीस?… केकावर?… डिंक सुटला व्हय… आणि शिक्का?… अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर… मग फोटो काढ की केकावरून… फाटायलाय?… मग हात लावू नको! सोड! शिवांगी, हात काढ त्यावरचा!… दुसरा फोटो चिकटवून चालंल का?… न्हाई, बरोबर हाय, शिक्का कुठून आणायचा… किती वाजले?… नऊला दहा? रिक्षा काढा म्हण भाईंना. आणि केक घे. सगळा केक! ताटासकट!… लाज वाटली तरी घे… हसू दे लोकांना… आपांना म्हण तुम्ही पण चला, ताट तुम्ही धरा, फोन चालू ठेवा… शिवांगी, ऐक… चिडली आसशील तर चीड, पण पेपरात चिडू नको… हॅलो?"

रिक्षात रेंज येत होती, जात होती. मध्येच निजामोद्दीनचा हॉर्न, मध्येच बेगमबीचं "संभाल के मियाँ, केक हिलता!" एवढं ऐकू यायचं आणि पुन्हा सगळं शांत. महानंदाच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. खाली अंगणात तिचा नवरा किशनराव शेतातून आला, शिडीकडं बघून "काय झालं?" म्हणाला, आणि साखराबाईंनी त्याला असं काही हात करून गप्प बसवलं, की तो आल्या पावली गोठ्यात गेला.

"हॅलो? आपा?… पोचलात? फाटकाशी?… गर्दी हाय? घुसा की मग… वॉचमन काय म्हणायलाय?… फोटोबिगर न्हाई म्हणतो?… त्याला केक दाखवा… दाखवला?… हसायलाय? हसू नका म्हणावं, त्याच्यावर सरकारी शिक्का हाय!… आपा, मोठ्या साहेबांना बोलवा… नऊ वाजून चोवीस झाले? ओरडा आपा, जोरात ओरडा… हां, तसं!… कोण आले?… टाय लावलेले?… तेच साहेब. बोला त्यांच्याशी. सांगा, आईचं डोकं फिरलं होतं म्हणून सांगा, माझी काही हरकत न्हाई… काय करायल्यात?… चष्मा काढला?… कागद केकाशेजारी ठेवला?… फिरवायल्यात? गोल हाय म्हणून फिरवावा लागतोय, बरोबर… जुळला?… आपा, शिक्का जुळला का?… बोला की!"

ती चवड्यांवर उभी राहिली. पाचव्या पायरीवर एक पाय गेला तेव्हा क्षणभर कानात ऊसतोड आली, म्हणून तिनं तो घाईघाईनं खाली घेतला.

"…जुळला?… गोल पूर्ण झाला?… आणि पोरीचं तोंड फोटोशी?… हां, तेल लागलं तरी नाक ओळखू येतंय, आमच्याकडचं नाक हाय ते… गेली?… आत गेली? तुम्ही बघितली आत जाताना?… पाय आत पडलेला बघितला?… फाटक लागलं?… आत्याबाई, गेली! गेली आत!… न्हाई, वळून न्हाई बघितलं?… जाऊ द्या. न बघू दे. आज मला न बघितलेलंच बरं… रडत न्हाई आपा, घाम हाय… तुमचे उपकार… तुम्ही आता घरी जावा, सावलीला बसा, तो केक खावा… केक कुठंय?… साहेबांकडं?… पुरावा म्हणून टेबलावर ठेवला… ठेवू द्या, ठेवू द्या… वास कसला आला म्हणाले? विलायचीचा, हो, आणि जरासं जायफळ… काय?… कडंचा तुकडा?… मोडला?… तोंडात टाकला?… चांगला झालाय म्हणाले?… किती मोडला, आपा? फोटोपासून किती लांब?… अजून एक घेतला?… आपा, पळा! आत जावा! दुपारी दुसरा पेपर हाय! दोन वाजता परत तेच हॉलतिकीट, परत तोच फोटो! साहेबांना डबा द्या, मेथी द्या, भाकरी द्या, शेंगदाण्याची चटणी द्या, पोट भरेपर्यंत खाऊ घाला, पण त्या केकाला हात… हॅलो?… आपा?… हॅलो?"