काठोकाठ भरलेला कप

परदेशात कोणी आपुलकीने बोलत नाही म्हणता? मला भेटली की तशी माणसं. पण तेव्हा मला माणसं नको होती, खाट हवी होती.

जळगावच्या उन्हाला कंटाळून मी आणि बायको मे महिन्यात उझबेकिस्तानच्या सहलीला गेलो, तर समरकंदलाही ऊन तेच. चालून चालून पायांचे तुकडे पडले. एका घराच्या ओट्यावर सावलीला टेकलो, तर घरातल्या म्हातारबाबांनी हाताला धरून आत नेलं. वाटीत चहा दिला, तोही तळाशी दोन घोट. तो संपला की परत दोन घोट. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे.

बायको कानाशी म्हणाली, "एवढ्या प्रेमाने बसवलं, मग चहा ओततानाच हात आखडता का घेतात?"

माझे तर डोळे मिटत होते. शेवटी आमचा सहलवाला शोधत आला. तो म्हणाला, "काका, इथे पाहुणा हवासा वाटला की थोडा थोडा चहा ओततात. जा म्हणायचं असलं की काठोकाठ भरतात."

घरी आलो. प्रवासाचा शीण अजून अंगातच होता, तोच शेजारचे नाना भरदुपारी गप्पा मारायला आले आणि हलायचं नाव घेईनात. मी मुकाट्याने उठलो, चहा केला आणि बशीत सांडेपर्यंत कप भरला.

नानांनी कपाकडे पाहिलं आणि पाय वर घेऊन ऐसपैस मांडी घातली.

"एवढा आग्रह शे भाऊ, तर आता जेवूनच जातो."