दहा लाख तीन

आजच्या माझ्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, मुख्याध्यापिका कन्येंडा मॅडम, व्यासपीठावर विराजमान झालेले गावप्रमुख म्लेलेम्बा, पालकसभेचे पदाधिकारी, माझे सहकारी, आणि मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

मॅडम आत्ता म्हणाल्या, नामाकोमा सरांनी चौतीस वर्षांत कुणावर छडी उगारली नाही. टाळ्याही पडल्या. खरं आहे ते. पण छडीवाचून मारता येत नाही, असं कुणी सांगितलं?

उशिरा येणाऱ्याला मी एक मोठी संख्या द्यायचो. अवयव पाड, मग आत ये. गावप्रमुख हसताहेत, त्यांना साध्या सातानं भाग जाणारी दिली होती, तरी व्हरांड्यातच दुपार झाली!

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एस्नात नावाची मुलगी तीन मिनिटं उशिरा आली. मुलांजे डोंगरावरून धुकं उतरलं होतं, चहाच्या मळ्यात वाट चुकले म्हणाली. मी तोऱ्यात होतो. म्हटलं, “दहा लाख, वर तुझी तीन मिनिटं. दहा लाख तीन. पाड अवयव.” एरवी मी दोन संख्यांचा गुणाकार करून मगच आकडा द्यायचो. त्या दिवशी केला नाही.

दुसऱ्या दिवशी ती दारात आली. “सर, हिला कशानंच भाग जात नाही हो.”

“कशानंच? भागाकार येतो का तुला?”

“तक्त्यावरच्या हजारापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या झाल्या, सर. एकशे अडुसष्ट.”

“मग कुठंतरी माती खाल्लीस. पुन्हा कर.”

वर्ग हसला. मीही हसलो. तिसऱ्या दिवशी तिनं तेच सांगितलं, तेव्हा मी दार लावून घेतलं. चौथ्या दिवशी ती आलीच नाही.

रविवारी चर्चहून आल्यावर मी स्वतः भागाकार करायला बसलो. बायको म्हणाली, “अहो, ताटातली न्सिमा गार होतेय.” मी ताट बाजूला सारलं. दहा लाखांनंतरची पहिली मूळ संख्या होती ती. पोरीचं बरोबर होतं.

त्याच संध्याकाळी जायला हवं होतं. पण मास्तरनं पोरीची माफी मागायची? लोक काय म्हणतील? तीन आठवड्यांनी गेलो. तिच्या आईनं अंगणातच उभं केलं. “मामाकडे धाडली तिला, पलीकडे मोझांबिकला. माझं डोकं चालत नाही, शाळा नको, असं तीच म्हणाली.” खरं काय ते सांगायला माझी जीभ रेटली नाही. तिची वही तेवढी मागून आणली. एकशे अडुसष्ट भागाकार, दोनदा केलेले. एकही चुकलेला नाही.

तेव्हापासून मी वर्गाचं दार कधी लावलं नाही. तरी उंबऱ्याशी कुणीतरी उभं आहे, असं वाटत राहतं. शिकवता शिकवता मी तिकडं बघत थांबायचो, आणि तुम्हाला वाटायचं, सरांना पुढची पायरी आठवत नाही.

असो. घड्याळाबद्दल, शालीबद्दल, सकाळपासून चुलीशी राबणाऱ्या भगिनींचे, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर तुम्ही मोठ्या मनानं क्षमा कराल, हे जाणतो. पण जी क्षमा मला हवी आहे, ती तुमच्याकडं नाही. तुमच्यापैकी बरेच जण बाजारासाठी सीमेपलीकडे जाता. कुठं एस्नात भेटलीच, तर कृपा करून एवढा निरोप द्या: तिचं उत्तर बरोबर होतं.