वहीतला शेरा

हिंदी काय, आपल्याला येतेच, असं मीही छातीठोकपणे सांगायचो. पण ऐका. रेल्वेतल्या बदलीने आम्ही भुसावळहून जयपूरला आलो, तेव्हा आमची मुक्ता अकरावीला होती. तिला शेतीच शिकायची होती. सांगानेरच्या एका सरकारी शाळेत कृषी शाखा होती, म्हणून तिला तिथे घातलं. दहावीपर्यंत पोरगी मराठी माध्यमात, आणि इथे खतांपासून किडींपर्यंत सगळं हिंदीत.

महिन्याभराने तिच्या प्रॅक्टिकलच्या वहीत मॅडमचा शेरा आला, "मुक्ता बहुत चेष्टा करती है."

माझं डोकंच फिरलं. "मॅडमची चेष्टा करतेस? लाज नाही वाटत?"

ती रडायलाच लागली. "बाबा, मी नाही हो कुणाची चेष्टा करत. वर्गातल्या मुलीच माझ्या हिंदीची करतात."

मी कुठला ऐकतोय! दुसऱ्या दिवशी तिला घेऊन शाळेत गेलो आणि मॅडमपुढे हात जोडले. "मॅडमजी, माफ कर दीजिए. अब ये कभी चेष्टा नहीं करेगी."

मॅडम दचकल्याच. "अरे, क्यों नहीं करेगी? एक-एक शब्द पूछकर लिखती है. इतनी चेष्टा तो कोई नहीं करता!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न.

संध्याकाळी ती घरी आल्यावर म्हटलं, "चुकलं माझं, बाळा."

तिने आधी माझ्या हातातला चहा काढून घेतला, एक घोट प्यायली आणि म्हणाली, "असू द्या. पण बाबा, हिंदी शिकायची थोडी चेष्टा आता तुम्हीही करा."