कुंकवाखालची चीर

मी तेर गावचा. आमच्या आईला बाजारात मडकं घेताना बघायला पायजे तुम्ही. मडकं कानाशी धरायचं, बोटाच्या पेरानं टकटक करायचं, आणि ह्याचा आवाज बसलाय, ठेव बाजूला, म्हणून कुंभाराचं तोंड कडू करून टाकायचं. मी पोटासाठी जे करतो ते हेच, फक्त माझी मडकी लोखंडाची असतात आणि उचलायला क्रेन लागते. जाड दांड्यात आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडायचा, तो पार पलीकडच्या टोकाला आपटून माघारी येतो, पडद्यावर त्याची उभी रेघ उठते. मधी कुठं चीर असली तर आवाज तिथूनच फिरतो आणि न बोलावलेली एक रेघ आधीच उभी राहते. ह्याला अल्ट्रासॉनिक टेस्टिंग म्हणतात. आमच्या सासूबाई मात्र सोयऱ्यांत सांगतात, जावई लोखंडाची सोनोग्राफी करतो, पण मुलगा का मुलगी ते सांगत न्हाय.

धाराशिवला आयटीआय केलं, पुण्यात चार वर्षं कुणाकुणाच्या हाताखाली काढली, परीक्षा दिली, सर्टिफिकेट आलं. आणि काय सांगू तुम्हाला, सर्टिफिकेट आलं तसा मी बिघडलो. ते चौकटीत बसवून देवांच्या फोटोच्या वरच्या खिळ्याला टांगलं. बायको म्हणाली, देवांच्या खाली तरी लावा. मी म्हणलं, देवांची परीक्षा झालीय का?

तर अशा ह्या शहाण्याची गोष्ट आहे. कारखान्याचं नाव लिहू नका, आपल्याच भागातला साखर कारखाना समजा. गाळप बंद असतं तेव्हा ऊस चेपायचे रोलर उघडतात, आणि सीझनच्या आत प्रत्येक रोलरचा शाफ्ट, म्हणजे त्याच्या पोटातनं जाणारा मुख्य दांडा, तपासून घेतात. ते काम माझ्याकडं. तिथं मैनुद्दीनचाचा म्हणून मिल फिटर होते, सारी उमर त्याच मिलवर गेलेली, रिटायर व्हायला एक सीझन बाकी. त्यांची तपासायची रीत जुनी. शाफ्टला रॉकेल चोपडायचं, मुरू द्यायचं, कोरडं पुसून वर चुना लावायचा आणि हातोडा हाणायचा. चीर असली तर आतलं रॉकेल बाहेर येतं आणि चुन्यावर ओली रेघ उमटते. मला लई हसू यायचं. मी म्हणायचो, चाचा, चुना पानाला ठेवा. तेही कमी न्हायत, मला मशीनवाले म्हणायचे. या मशीनवाले, आज लोखंडाला कितवा महिना?

त्या साली बाकीचे शाफ्ट तपासून झाले होते, शेवटच्या एकासाठी मला रोलर पूजनाच्या आदल्या दिवशीच पोचायचं होतं. पण आखाड चालू होता आणि सासरवाडी सोनारीला. मेव्हणा म्हणाला, पाव्हणं, बोकड पडलाय, रश्श्याला बसल्याशिवाय जायचं न्हाय. बसलो. दुसऱ्या दिवशी कारखान्यावर पोचलो ते थेट पूजनाच्या सकाळी, पोट धरून.

बघतो तर शेवटचा रोलर लोखंडी घोड्यावर, म्हणजे टेकूवर, ठेवून सजवलेला. झेंडूची माळ घातलेली, आणि शाफ्टच्या तोंडावर, जिथं मला प्रोब, म्हणजे आवाज सोडायची डबी, टेकवायची, तिथं हळदीकुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक. चीफसाहेब, म्हणजे कारखान्याचे मुख्य इंजिनिअर, धावत आले. कुठं होता राव, तासाभरात चेअरमनसाहेब येतात, पूजा झाली की क्रेन लावून हा मिलमध्ये चढवायचाय, उरका लवकर. माझ्या एका हातात ग्रीसचा डबा, कारण तोंडाला ग्रीस फासल्याशिवाय आवाज लोखंडात शिरत न्हाय. मी म्हणलं, हे पुसावं लागंल. तर गुरुजी असे दचकले जसं काय मी माळच हिसकावली. अहो, पूजेआधी कुंकू पुसता व्हय? सीझन काढायचाय आम्हाला! बाया आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या, सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. कुंकू पुसायचं म्हणल्यावर आपल्यात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

तेवढ्यात चाचा जवळ आले, हळूच म्हणाले, काल चुन्यावर बारीक रेघ आली होती, बेरिंगच्या कुशीत, ह्या टोकाला जरा नीट बघा बाबा. आणि मी, चीफसाहेब ऐकतील अशा आवाजात, काय म्हणलो असंन? म्हणलो, चाचा, ते बेरिंगचं तेल पाझरलंय, चुन्यावर रिपोर्ट निघत असता तर मी उपाशी मेलो असतो. लोक हसले. चाचापण हसले.

मग मी स्वस्तिकाला धक्का न लावता, जेवढं तोंड मोकळं होतं तेवढ्यावरच ग्रीस लावून प्रोब फिरवला. म्हणजे निम्म्यावर. पडदा साफ. निघताना रोलरला हात लावून कपाळाला लावला आणि रिपोर्टवर लिहिलं, शाफ्ट निर्दोष. तपासलं निम्मं, लिहिलं सगळं. एवढाच माझा गुन्हा, बाकी सगळी सजावट.

सीझन भरात असताना तो शाफ्ट तुटला. कुणाला लागलं न्हाय, ही देवाची कृपा, माझी न्हाय. मिल बंद पडली, उसाचे ट्रॅक्टर गेटापासून रस्त्याला लागले. मला बोलावलं. तुटलेलं तोंड बघितलं. एका अंगाला अर्धचंद्रासारखी जुनी काळपट चीर, बाकी ताजी, चकचकीत. चीर जुनी होती, पूजेच्याही आधीची. आणि ती ज्या अंगाला, त्याच अंगाला दांड्याच्या टोकाला सुकलेलं कुंकू अजून चिकटलेलं.

चीफसाहेबांनी विचारलं, तुमच्या रिपोर्टात तर निर्दोष आहे? मी म्हणलं, तेव्हा निर्दोषच होता साहेब, रोलर जास्त आवळले असतील, त्या दाबानं एका सीझनात वाढते चीर. असं वाक्य तोंडातनं कसं निघालं ते मला आजही कळत न्हाय. इतकं सरळ, इतकं शास्त्रशुद्ध. रोलर आवळायचं काम कुणाचं? चाचांचं. त्यांना नोटीस मिळाली आणि मिलवरनं काढून बगॅसच्या यार्डात टाकलं, चिपाडाच्या ढिगावर पाणी मारायला.

नवा शाफ्ट आला तो तपासायलाही मीच. आवारात चाचा दिसले, हातात पाण्याचा पाइप. मी मान वळवली. त्यांनीच हाक मारली, या मशीनवाले, नवा दांडा नीट बघा बरं. बस, एवढंच. मी बघतो म्हणलं आणि सटकलो. घरी आलो, जेवलो, झोपलोसुद्धा. लाज वाटायला सुद्धा मला दोन महिने लागले.

उन्हाळ्यात आईला घेऊन बाजारात गेलो. गाडी उन्हात होती, मला घाई. मी शान मारायला एक मडकं घेतलं, टकटक केलं, म्हणलं, हे चांगलंय, चल. आईनं ते हातातनं काढून घेतलं, गरगर फिरवत सगळीकडनं वाजवलं आणि म्हणाली, एका अंगानं वाजवून कोण घेतं रे, येडा का खुळा? एवढा शिकलास कशाला? कुंभार हसायला लागला. मी तिथंच खाली बसलो. आईला वाटलं ऊन लागलं.

दुसऱ्या दिवशी चीफसाहेबांकडं जाऊन लिहून दिलं की तोंड निम्मंच तपासलं होतं, दोष माझा. ते म्हणाले, आता कशाला उकरता, शाफ्ट भंगारात गेला. पण कागद घेतला. नोटीस मागं घेतली, माझं तिथलं काम गेलं. चाचांचा रिटायर व्हायचा तोच महिना. शाल-नारळ दिला, भाषणं झाली, मिलवर मात्र ते परत चढले न्हायत.

मग त्यांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं, पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय आखडून घेतले. म्हणाले, मला त्याच दिवशी कळलं होतं. तुझ्या ग्रीसचा डाग निम्म्याच तोंडाला होता. मी म्हणलं, मग चाचा, बोलला का न्हाय? ते म्हणाले, बाबा, पूजेच्या रोलरवरचं कुंकू पुसा म्हणून मी सांगायचं? माझं नाव काय आहे? ते तुला सांगता येत होतं. म्हणून तर तुझ्या कानात रेघ सांगितली.

चहा आला, तो तसाच निवला.

आता दुसरे दोन-तीन कारखाने आहेत माझ्याकडं. शाफ्टपाशी गेलो की पहिल्यांदा फडकं काढतो. कुंकू असो, हळद असो, हात जोडतो आणि पुसतो, आणि तपासून झालं की माझ्याच हातानं परत लावतो. लोक म्हणतात, अपशकुनी माणूस आला. म्हणू द्या की. सर्टिफिकेट देवांच्या खाली घेतलंय, बायकोनं एका शब्दानं विचारलं न्हाय, ते बरं केलं. आणि सीझनच्या आधी चाचांना फोन करतो. माफ केलं असं ते कधी म्हणाले न्हायत, मीही विचारत न्हाय. ते एकच विचारतात, सगळीकडनं बघितलं का? मी म्हणतो, व्हय चाचा, सगळीकडनं. तरी ते जरा वेळ गप्प राहतात, जसं काय माझा आवाज तपासून घेतात, आणि मग म्हणतात, ठीक आहे, ठेव.