घाऱ्या डोळ्यांची पोरगी

मला हुशार म्हणताय, तर माझंच ऐका. मी मानवतच्या कॉलेजात बारावीला जीवशास्त्र शिकवतो. आमचे नवरा-बायकोचे दोघांचेबी डोळे काळे, अन् पोरगी झाली घाऱ्या डोळ्यांची. बारशाला माझी आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "आपल्यात तर असे डोळे कुणाचेच न्हाईत गं!" साऱ्या बाया माझ्या बायकोकडं बघायला लागल्या.

आई-बापात दडून राहिलेला गुण लेकरात उघड होतो, हे मी दरवर्षी फळ्यावर चौकटी काढून शिकवतो. पण तिथं मी मान खाली घालून घुगऱ्या वाटत राहिलो.

पाहुणे गेल्यावर बायकोला म्हणलं, "आत्याचं मनावर घेऊ नको. तिला काय कळतंय?"

ती म्हणाली, "त्यांना न्हाई कळत. तुमाला तर कळत होतं की."